जीव खलाशाचा, गोष्ट शेठची

दोन बोटींपासून सुरुवात करू.

पहिली 'पिलार'. लांबी ३८ फूट, बांधणी १९३४ची, मालक अर्नेस्ट हेमिंग्वे. १९४२-४३मध्ये हा जगप्रसिद्ध लेखक क्युबाच्या किनाऱ्यावर या बोटीतून जर्मन पाणबुड्या शोधत फिरत होता. सोबत मित्रमंडळी, मशीनगन, हातबॉम्ब आणि अमेरिकी राजदूताच्या कृपेने मिळालेलं इंधन. तेही इंधनावर रेशनिंग असताना. बेत असा, की आपण मासे पकडतोय असं भासवायचं, पाणबुडी चौकशीला वर आली की तिच्या जवळ जायचं आणि उघड्या झाकणातून बॉम्ब आत टाकायचे. प्रत्यक्षात एकाही पाणबुडीशी सामना झाला नाही. पिलार आज हवानाजवळ, हेमिंग्वेच्या घराच्या आवारात, छपराखाली जपून ठेवलेली आहे. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात.

दुसरी 'बेडफोर्डशायर'. १९३५मध्ये बांधलेला ब्रिटिश मासेमारी ट्रॉलर. युद्ध आलं, नौदलाने तो घेतला, पुढे एक तोफ बसवली, मागे पाण्यात सोडायचे बॉम्ब ठेवले आणि गस्तीला लावला. १९४२च्या वसंतात ब्रिटनने असे २४ ट्रॉलर अटलांटिक ओलांडून अमेरिकेचा किनारा राखायला पाठवले. ११ मेच्या रात्री, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ, जर्मन पाणबुडी यू-५५८ने 'बेडफोर्डशायर'ला टॉर्पेडो मारला. बोटीवरचे सगळे, ३७ जण, मेले. काही मृतदेह ओक्राकोक नावाच्या छोट्या बेटावर वाहत आले. बेटावरच्या लोकांनी जागा दिली, चौघांना पुरलं. त्यातल्या दोघांची नावंसुद्धा कळली नाहीत.

दोन्ही बोटी मुळात खासगी. वर्ष एकच, काम एकच, शत्रू एकच. आता खरं सांगा, यातली कुठली गोष्ट तुम्ही आधी ऐकली होती?

माझं भांडण इथून सुरू होतं. युद्धात नौदलाच्या मदतीला धावलेल्या खासगी बोटींच्या कथा आपल्याला फार आवडतात. छोटी बोट, मोठा समुद्र, साधा माणूस, अचाट धैर्य. त्यावर सिनेमे निघतात, रील्स बनतात. पण ही गोड गोष्ट दोन कामं गुपचूप करते. एक, सरकारची नालायकी झाकते. दोन, ज्याची बोट हौसेची होती त्याला नायक करते आणि ज्याची बोट पोटाची होती त्याला पुसून टाकते. आणि हे काम ती आजही करते, आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरसुद्धा.

आधी नालायकीबद्दल. डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका युद्धात उतरली. जानेवारी १९४२मध्ये जर्मन पाणबुड्या तिच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचल्या. समोर काय दिसलं? शहरांचे दिवे लख्ख चालू. किनाऱ्याने जाणारं प्रत्येक तेलवाहू जहाज त्या झगमगाटावर काळ्या सावलीसारखं उठून दिसत होतं. पाणबुडीने रात्री वर यायचं, नेम धरायचा आणि मारायचं. दिवे बंद करा म्हटलं तर पर्यटनाचा हंगाम बुडतो म्हणून व्यापाऱ्यांची कुरकुर. जहाजांना काफिल्याने, संरक्षणात न्यायची पद्धत ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धातच सिद्ध केली होती. पण अमेरिकी नौदलाकडे किनाऱ्यासाठी पुरेशा गस्ती नौका नव्हत्या आणि वरिष्ठांकडे निकड नव्हती. महिनोन्महिने जहाजं बुडत राहिली. जळालेलं तेल आणि खलाशांची प्रेतं किनाऱ्याला लागत राहिली.

तेव्हा यॉटवाले पुढे आले. 'क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका'च्या मंडळींनी आपल्या शिडाच्या बोटी, चालवणाऱ्या माणसांसकट, देऊ केल्या. नौदलाने आधी नाक मुरडलं. मग वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला आणि मे १९४२मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल किंग यांनी होकार दिला. तटरक्षक दलाच्या हाताखाली यॉट, मोटरबोटी, मासेमारी बोटी यांचा एक ताफा उभा राहिला. लोकांनी त्याला थट्टेने 'हूलिगन नेव्ही', म्हणजे मवाल्यांचं नौदल, असं नाव दिलं.

या माणसांना मी हसणार नाही. शिडाची बोट इंजिनाचा आवाज न करता फिरते, त्यामुळे पाणबुडीच्या कानांना ती सहज लागत नाही. कल्पनेत दम होता. आणि हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये छोट्या बोटीत गस्त घालणं म्हणजे गंमत नव्हे. 'झैदा' नावाची यॉट डिसेंबर १९४२मध्ये वादळात सापडली आणि तीन आठवडे भरकटत राहिली. तिच्यावरचे नऊ जण मोठ्या शोधानंतर जिवंत सापडले. हे धैर्य नाही म्हणणारा मूर्ख.

पण धैर्य आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या ताफ्याने पाणबुडी बुडवल्याची नोंद नाही. बुडालेल्या जहाजांवरची माणसं शोधणं, दिसलेलं कळवणं, हजेरी लावणं ही कामं त्याने केली आणि चांगली केली. किनारा वाचवला तो दुसऱ्याच गोष्टींनी. मेच्या मध्यापासून किनाऱ्याने काफिले सुरू झाले, दिवे मंद झाले, विमानं वाढली, खऱ्या गस्ती नौका कारखान्यांतून बाहेर पडल्या. सगळी रटाळ, खर्चीक, सरकारी कामं. जी आधीच करायला हवी होती.

काफिल्यावर सिनेमा काढणं अवघड आहे. दिवे मालवण्यावर तर त्याहून. म्हणून गोष्ट यॉटची होते. आणि यॉटची गोष्ट सांगितली की 'इतके महिने नौदल काय करत होतं?' हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

तुम्ही म्हणाल, डंकर्क? तिथे तर छोट्या बोटींनीच सैन्य वाचवलं. ते काम गस्तीचं नव्हतं, पण या सगळ्या गोष्टींची आई तीच, म्हणून बोलू. नोलनच्या सिनेमात एक मध्यमवयीन गृहस्थ आपली बोट स्वतः हाकत फ्रान्सकडे निघतो. तसे काही खरोखर गेले, त्यांना मानाचा मुजरा. पण १९४०च्या त्या नऊ-दहा दिवसांत ३,३८,००० हून अधिक सैनिक सुटले. त्यातले साधारण दोन तृतीयांश बंदराच्या धक्क्यावरून मोठ्या जहाजांत चढले. बऱ्याचशा छोट्या बोटी नौदलाच्याच माणसांनी चालवल्या, मालक घरी होते. बोटी ताब्यात घ्यायची तयारीही आधीपासून चालू होती. १४ मे १९४० रोजी बीबीसीवरून घोषणा झाली होती, की ३० ते १०० फूट लांबीच्या इंजिनवाल्या हौशी बोटींच्या मालकांनी १४ दिवसांत नौदलाकडे तपशील पाठवावा. म्हणजे फॉर्म, यादी, हुकूम. उत्स्फूर्त चमत्काराच्या मागे एक कारकून बसलेला होता. मला तो कारकून आवडतो. कारण यादीत नाव असलं की उद्या भरपाई मागता येते. चमत्काराची भरपाई कोणाकडे मागणार?

आता पोटाच्या बोटींकडे वळू.

ब्रिटनमध्ये ट्रॉलरवरचे कोळी युद्धाआधीच नौदलाच्या राखीव दलात नोंदवले जात. कारण साधं होतं. समुद्रतळावरून जड जाळं ओढणाऱ्या माणसाला सुरुंग काढायची दोरी ओढायला वेगळं शिकवावं लागत नाही. युद्ध लागल्यावर लोस्टॉफ्ट या मासेमारी बंदरात, एका बागेतल्या नाटकघरात, या 'पेट्रोल सर्व्हिस'चं ठाणं बसलं. बाकी नौदलाने त्यांना 'हॅरी टेटचं नौदल' म्हणून चिडवलं. हॅरी टेट हा यंत्रांशी झटापट करणारा त्या काळचा रंगमंचावरचा विनोदी नट. जुन्या बोटी, माशांचा वास, तोंडात शिव्या. याच बोटींनी रोज पहाटे बंदरांच्या वाटा सुरुंगांपासून मोकळ्या ठेवल्या. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर त्यांची सुमारे २,४०० नावं आहेत. ही फक्त ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही त्यांची.

तरी ब्रिटिश सरकारला एक श्रेय द्यावंच लागेल. चिडवलं, राबवलं, पण कागद केला. या माणसांना हुद्दा होता, पगार होता, १९४०पासून स्वतःचा वेगळा बिल्लाही होता आणि मेल्यावर भिंतीवर नाव होतं. ओक्राकोकच्या त्या चार कबरींपाशी आजही दर मे महिन्यात मानवंदना होते. ही मेहेरबानी नव्हती. हे जिवाचं देणं होतं आणि ते निदान काही अंशी चुकवलं गेलं.

सगळ्यांनी चुकवलं नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९३८मध्ये मच्छीमारांचं राखीव नौदल उभं राहिलं. गोऱ्या कोळ्यांना आपल्या बोटींसकट त्यात जागा होती, जपानी वंशाच्या कोळ्यांना नव्हती. डिसेंबर १९४१मध्ये जपानशी युद्ध लागलं आणि या राखीव दलाच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक काय होतं? आपल्याच शेजाऱ्यांच्या सुमारे १,२०० बोटी जप्त करून फ्रेझर नदीत नेऊन बांधणं. तिथे त्या एकमेकींवर आपटून फुटल्या, काही नौदलाने वापरल्या, बाकीच्या सरकारी समितीने विकायला लावल्या. मालकांना किनाऱ्यापासून दूर छावण्यांत पाठवलं. त्यांतले अनेक जण कॅनडातच जन्मलेले नागरिक होते. सरकारने माफी मागितली ती १९८८मध्ये. तोवर किती तांडेल उरले असतील?

आणि जपान? त्याने स्वतःच्या कोळ्यांच्या बोटी घेऊन, त्यांवर वायरलेस बसवून, शेकडो मैल बाहेर समुद्रात पहाऱ्याला पेरल्या. काम एवढंच, की दिसलं की कळवायचं. १८ एप्रिल १९४२ रोजी 'निट्टो मारू क्र. २३' या बोटीला टोकियोवर बॉम्ब टाकायला निघालेला अमेरिकी ताफा दिसला. तिने कळवलं. अमेरिकी क्रूझर 'नॅशव्हिल'ने त्या एका लाकडी बोटीवर नऊशेच्या वर गोळे डागले आणि ती बुडवली. संदेश पोहोचूनही टोकियोत तयारी नव्हती. त्याच दुपारी १६ विमानांनी जपानवर बॉम्ब टाकले. डोळ्यांनी आपलं काम केलं, डोळे फुटले आणि डोकं झोपलेलंच राहिलं.

'डोळे' हा शब्द लक्षात ठेवा, तो आपल्याकडे परत येणार आहे. पण त्याआधी कायद्याचं एक जुनं पान.

१८९८मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धात अमेरिकी नौदलाने हवानाच्या दोन मासेमारी बोटी पकडल्या आणि लिलावात काढल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९००मध्ये न्यायालयाने सांगितलं, की किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या बोटी युद्धातही पकडायच्या नाहीत, ही राष्ट्रांची जुनी रीत आहे आणि ती कायद्याइतकीच बंधनकारक आहे. 'पाकेते हबाना' हे त्यातल्या एका बोटीचं नाव, आणि ते आज जगभरच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय कायद्यात शिकवलं जातं. १९०७च्या हेग करारात हे लेखी आलं. त्याच कलमात दोन गोष्टी आणखी आहेत. अशी बोट युद्धात कुठलाही भाग घेईल त्या क्षणी तिचं संरक्षण संपेल. आणि राष्ट्रांनी या बोटींच्या निरुपद्रवी रूपाचा फायदा घेऊन, बाहेरून मासेमारी दाखवत, त्यांना लष्करी कामाला लावू नये.

आता पिलारकडे पुन्हा बघा. बेत काय होता? मासेमारीचं सोंग. तेही त्याच हवानाच्या किनाऱ्यावर, जिथल्या गरीब कोळ्यांच्या बोटींवरून हा नियम जगाला समजला. सोंग उघडं पडलं असतं तर पुढच्या जर्मन कप्तानाने कुठल्या होडीवर विश्वास ठेवला असता? हेमिंग्वे संध्याकाळी घरी येऊन पेला भरणार होता. दुसऱ्या दिवशी समुद्रात जाणार होता तो कोहीमारचा कोळी. लेखकाच्या साहसाची जोखीम त्याच्या माथी. हे आपण कधी गोष्टीत ऐकलं?

म्हणून माझं म्हणणं असं, की कोळ्याची बोट पहाऱ्याला लावणं म्हणजे फक्त बोट घेणं नव्हे. तिचं निरुपद्रवीपण हेच तिचं चिलखत असतं आणि तुम्ही ते उतरवून घेता. चिलखत घेतलंत तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं.

आता घरी येऊ.

मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांसाठीचं सामान रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. त्यानंतर 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. बाहेर नौदल, मधे तटरक्षक दल, आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात? तिथे संयुक्त गस्तीसाठी भाड्याने घेतलेले मासेमारी ट्रॉलर. १९४२चीच कहाणी, फक्त पाणी वेगळं. तात्पुरती सोय म्हणून आलेली व्यवस्था, आणि तात्पुरतं आपल्याकडे किती वर्षं चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग नोव्हेंबर २००८. दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट भर समुद्रात पळवली. बोटीवर पाच जण होते. चौघांना आधी मारलं, तांडेलाला मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवलं आणि मग त्याचा गळा चिरला. म्हणजे २६/११चे पहिले बळी ताजमध्ये किंवा सीएसटीवर पडले नाहीत. ते समुद्रात पडले आणि ते मच्छीमार होते. रबरी बोट कफ परेडच्या मच्छीमार नगरला लागली, तेव्हा 'कोण तुम्ही?' असं विचारणारेही कोळीच होते. आपल्या स्मरणात मात्र घुमट आहे, हॉटेल आहे, स्टेशन आहे. 'कुबेर' किती जणांना आठवते?

त्यानंतर भाषणांत एक वाक्य रुळलं, की मच्छीमार बांधव हे सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान आहेत. ऐकायला छान. सागर सुरक्षा दलात गावोगावचे तरुण स्वयंसेवक म्हणून आले. 'सागर कवच'चे सराव होतात. १०९३ हा क्रमांक मिळाला. आणि डोळे-कान म्हणून गौरवलेल्या याच माणसाला ओळखपत्र दाखव, बोटीला ठरलेला रंग लाव, यंत्र बसव, टोकन घे, थांब, झडती दे, हेही सांगितलं गेलं. मी झडतीच्या विरोधात नाही. 'कुबेर' पळवली गेली म्हटल्यावर तपासणी हवीच. पण एकाच माणसाला सकाळी पहारेकरी आणि दुपारी संशयित म्हणायचं, आणि दोन्हींपैकी कशाचीच किंमत द्यायची नाही, हे कुठलं गणित?

हिशोब मांडून बघा. संशयास्पद बोट दिसली म्हणून नाखव्याने जाळं अर्धवट ओढलं आणि खबर दिली. त्या फेरीचं डिझेल कोण देणार? खलाशांचा वाटा कोण भरणार? पावसाळ्यातली बंदी सोडली तर उरलेल्या महिन्यांतच त्याला वर्ष काढायचंय. डिझेल परताव्याच्या थकबाकीसाठी आधीच त्याचे खेटे चालू आहेत. समुद्रात सीमारेषा रंगवलेली नसते. पलीकडच्या तुरुंगात आपले मच्छीमार वर्षानुवर्षं सडतात, त्यात डहाणू-पालघरचे खलाशीही असतात. माणूस कधीतरी सुटतो, बोट बहुधा नाहीच. अशा माणसाला जाहीरपणे 'सुरक्षेचे डोळे' म्हणताना, पलीकडच्या गस्ती नौकेलाही ते ऐकू जातं, याचा विचार कुणी केला?

यावर ठरलेलं उत्तर येतं: देशासाठी काही करायचं तर पैसे मागायचे?

हो, मागायचे. सैनिक पगार घेतो, त्याने त्याचं देशप्रेम पातळ होत नाही. ॲडमिरल पेन्शन घेतो. बोट बांधणारा कारखाना बिल लावतो. फुकटचं देशप्रेम नेमकं कोळ्याकडूनच का हवं? यॉटवाल्याने बोट दिली तेव्हा त्याने रविवार दिला होता. कोळी बोट देतो तेव्हा तो आठवड्याचे सातही दिवस देतो.

दुसरं उत्तर असं, की संशयास्पद काही दिसलं तर कळवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्यच आहे. मान्य. रस्त्यात बेवारस पिशवी दिसली तर मीही कळवीन. पण मला कुणी पिशव्या शोधायला संघटित केलेलं नाही, माझे सराव घेतलेले नाहीत, माझ्या नावावर सुरक्षेची एक फळी दाखवलेली नाही. कर्तव्य आणि नेमणूक यात फरक आहे. नेमणूक केली असेल तर नेमणुकीचा कागद हवा.

त्या कागदावर काय हवं ते १९४०मध्येच जगाला माहीत होतं. ज्या दिवशी बोट गस्तीला लावाल त्या दिवसाचं भाडं. खबर देताना वाया गेलेल्या फेरीची भरपाई. मासेमारीच्या अपघात विम्याहून वेगळा, पहाऱ्याच्या जोखमीचा विमा, जो मृतदेह समुद्रात हरवला तरी कुटुंबाला मिळेल. आणि मेलेल्याचं नाव भिंतीवर, शहिदांच्या यादीत, खालच्या ओळीत नव्हे. लोस्टॉफ्टला हे जमलं. ज्या शहराचं नाव कोळ्यांच्या मुंबादेवीवरून पडलं, तिथे हे जमत नसेल तर प्रश्न पैशांचा नाही.

आणि या सगळ्याआधी, सरकारने आपलं रटाळ काम करावं. गस्ती नौका घ्याव्यात, त्यांत डिझेल भरावं, त्या चालवणारी माणसं नेमावीत. किनारी पोलिसांच्या नौका धक्क्याला बांधून राहतात आणि होडीवाल्याकडून जागं राहण्याची अपेक्षा केली जाते, तेव्हा ती लोकसहभागाची योजना नसते. ती उधारी असते.

पुढच्या वेळी छोट्या बोटीच्या मोठ्या शौर्याची रील समोर आली की बघा जरूर. फक्त तीन प्रश्न विचारा. बोट कोणाची होती? भाडं कोणी दिलं? आणि मोठी बोट तेव्हा कुठे होती?